परक्या बाईचा गडवा

पाणी पाजणं ही शिकायची गोष्ट आहे असं आता कोणाला सांगितलं तर हसतात. आमच्या घरी ती शिकावी लागायची, आणि चुकलं तर पाठीत धपाटा बसायचा. आम्ही तेव्हा पुलगावला मिलच्या मागच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, समोर पडवी, पडवीत एक खिडकी. बाप मिलमध्ये होता, पाळी बदलली की भोंगा व्हायचा आणि सगळ्या चाळीतल्या चुली एकदम पेटायच्या. लष्कराच्या डेपोकडून कधीकधी जुना दारूगोळा फोडल्याचा धडाम आवाज यायचा, तेव्हा फळीवरची भांडी वाजायची. माय भाकर थापता थापता भांड्यांकडे बघून म्हणायची, "वाजा, वाजा, तुमाले दुसरं काय येते." माझी माय अशीच होती. तिच्या तोंडून भांडी सुटत नव्हती, तर माणसं कुठून सुटणार.

उन्हाळा लागला की ती चाळीतली पाच-सहा पोट्टी गोळा करायची आणि आम्हाला शिकवायला बसायची. ती स्वतः घरात खिडकीच्या आत उभी राहायची. ती खिडकी म्हणजे आगगाडीचा डबा, आणि बाहेर आम्ही जर्मनची केटली घेऊन प्लॅटफॉर्मवर. ती कधी म्हातारी व्हायची, कधी बाळंतीण, कधी मिजासखोर सेठ. म्हातारी झाली की हात थरथरवायची, आणि केटलीची तोटी तिच्या पेल्याला टेकवली नाही तर आतूनच हात काढून कान धरायची. वरून धार सोडलेली तिला अजिबात खपत नसे. ती लहान असताना तिला कोणीतरी तशी वरून धार सोडून पाणी पाजलं होतं, हाताला हात लागू नये म्हणून. नाकातोंडात गेलं होतं. ते तिनं आम्हाला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. सेठ झाली की विचारायची, "काय बे, कोनाच्या घरचं पाणी आहे हे?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "मडक्याच्या घरचं." मग ती हसायची आणि आमचा धडा पास व्हायचा.

दुपारी पाळीचा भोंगा झाला, बाप जेवून उठला, की माय आम्हाला घेऊन टेसनावर निघायची. फाटकाजवळ निंबाचं झाड होतं, त्याखाली तिची तीन मडकी. ती तिथेच बसायची, आम्ही केटल्या भरून पळायचो. भुसावळकडून नागपूरकडे जाणारी पॅसेंजर यायची, वाफेचं इंजिन पुढे जाऊन पाण्याच्या नळाच्या सोंडेखाली उभं राहायचं आणि पोट भरून पाणी प्यायचं. तेवढा वेळ गाडी थांबायची. माय म्हणायची, "लोखंडाले पाणी भेटते, मानसाले नाई. पळा." आणि पळायचं ते मागच्या डब्यांकडे, जिथे छप्पर संपतं आणि ऊन सुरू होतं. सावलीत बसलेल्यांना पाणी देणारे बहुत असतात असं तिचं म्हणणं. कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही. आणि एक गोष्ट ती रोज फाटकापाशी पुन्हा म्हणायची, "कोनाचं भांडं हातात घेऊन हलायचं नाई. आपल्या केटलीतून त्याह्यच्या भांड्यात. गाडी कोनासाठी थांबत नसते. भांडं इथी राह्यलं तं थ्या बाईनं पुढचा रस्ता कशानं पाणी प्यावं?"

आता शाळेत गरजूंना मदत असा दिवस असतो. पोरं घरून जुने कपडे नेतात, फोटो काढतात, आणि मायबाप तो फोटो मोबाईलवर लावतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण माझ्या मायनं आमचा फोटो काढला असता तर त्यात आमचे कान लाल दिसले असते.

त्या दिवशी चाळीत लगीन होतं. बाकीची पोट्टी बुंदीच्या वासानं मांडवात बसली. मी एकटाच मायबरोबर गेलो, मनातून चरफडत. मी तिसरीत होतो. ऊन असं होतं की प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की उचलावासा वाटे. गाडी आली, मी केटली भरली आणि मागे पळायला निघालो. तर सावलीतल्या चांगल्या डब्यातून एका माणसानं मला बोट केलं. पांढरे कपडे, सोनेरी काडीचा चष्मा. म्हणाला, "इधर आ." मी थांबलो. त्यानं आधी एक गिलास प्यायला. मग खिडकीबाहेर हात काढून धुतले, मग तोंड धुतलं. मग बायकोला पंचा ओला करून दिला. मग म्हणाला, "और डाल." मला कळत होतं की हे पाणी तहानेचं नाही. पण त्याच्या दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा होता, आणि तो पुडा तो हळूहळू माझ्याकडे सरकवत होता. पुडा माझ्या खिशात आला तेव्हा केटलीत एक घोट उरला नव्हता.

नियमानं मी निंबाखाली मायकडे परत जायला पाहिजे होतं. पण खिसा फुगलेला. म्हणून मी रिकामी केटली हलवत मागे गेलो, जसं काही पाजून चाललो आहे. तिथे शेवटून दुसऱ्या डब्यात ती बाई होती. हिरवं लुगडं, कपाळावर पदर, मांडीवर दोनेक वर्षांचं लेकरू. लेकराचे ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "बापू," ती म्हणाली, "येवढं पाणी दे नं. लेकराले लय ताप आहे."

मी म्हटलं, "सपलं."

"मंग आन नं बापू. हे घे." आणि तिनं खिडकीच्या गजांतून तिचा गडवा बाहेर दिला. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. पितळेचा, लहानसा, कडा गुळगुळीत झालेला. माझा हात पुढे गेला, मी घेतला.

इथे मी अजून अडकतो. साठ वर्षं झाली, अजून अडकतो. निंबाखाली मडकं होतं, थंड पाणी होतं, गर्दी नव्हती. पण परक्याचा गडवा हातात बघितला असता तर मायनं विचारलं असतं, केटली कशी सपली, खिशात काय आहे. म्हणून मी प्लॅटफॉर्मच्या नळावर गेलो. नळाला रांग होती. मी रांगेत उभा राहिलो, शहाण्या पोरासारखा. माझ्यापुढे एक माणूस लोटा घासत होता, नुसता घासत होता. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही की दादा, लेकराला ताप आहे. माझा नंबर आला तेव्हा शिटी झाली.

मी पळालो. निम्मं पाणी सांडलं. गाडी अजून हळूच होती, धरता आली असती. तिचा हात गजांतून पूर्ण बाहेर होता, खांद्यापर्यंत, बोटं पसरलेली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, हातच दिसत होता. माझ्या आणि त्या हाताच्या मध्ये दोन हात जागा राहिली, मग चार, मग प्लॅटफॉर्म संपला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माय निंबाखालून उठून उभी राहिली होती. तिनं गडवा पाहिला.

"हे काय आनलं?"

"एका बाईनं हातात देला. लेकराले ताप होता. गाडी सुटली."

"अन् तुही केटली?"

"म्हातारे लय होते आज. सपली."

तिनं मला मारलं नाही. गडवा घेतला, फिरवून पाहिला. मायला वाचता येत नव्हतं, पण भांड्यावर नाव घालतात हे तिला माहीत होतं. गळ्यापाशी ठिपक्या ठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं होतं, त्यावर तिनं अंगठा फिरवला. "पाय बरं गुलाब, काई लिवलं आहे का. नाव गाव असन तं नेऊन देऊ."

मी वाचलं. अक्षरं मोठी होती, तिसरीच्या पोराला सहज येतील अशी. आणि मला एकदम सगळं दिसलं. माय मला घेऊन त्या गावाला जाणार, ती बाई दारात येणार आणि सांगणार, ह्या पोट्ट्याकडं पाणी नव्हतं, हा रिकामी केटली घेऊन फिरत होता. माझा हात खिशावर होता. बिस्किटं उन्हानं नरम पडली होती.

"नाई," मी म्हटलं. "नक्षी आहे."

त्या दिवशी घरी ज्वारीची भाकर होती आणि जवसाची चटणी. बाप आधीच जेवून गेला होता, मी खाल्लं. माय ताट पुढे घेऊन बसली आणि तिनं एवढंच विचारलं, "लेकरू केवढं होतं म्हनला तू?" मी म्हटलं, दोन वर्षांचं. तिनं ताट झाकून ठेवलं. दुपार कलली तेव्हा मी मिलच्या भिंतीमागे जाऊन पुडा फोडला. पहिलंच बिस्कीट घशात चिकटलं. पाणी प्यायला घरी आलो तर माय मडक्यापाशी बसलेली, गडवा मांडीवर घेऊन. मी तसाच परत गेलो आणि उरलेली बिस्किटं नालीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरू केलं. गडवा घासून लखलखीत करायचा, पाण्यानं भरायचा आणि पॅसेंजर आली की निंब सोडून उन्हात जायचं. जाणारी गाडी आणि येणारी गाडी, दोन्ही. शेवटच्या डब्यापासून पुढे चालत जायची, हात वर, हातात गडवा. "कोनाचा आहे वं बाई? लेकरू कोनाचं बिमार होतं?" ज्याचं भांडं तो लांबून ओळखतो असं तिचं म्हणणं. ती बाई माहेरी चालली असेल तर आठ-पंधरा दिवसांनी परत येईल, असाही तिचा हिशेब होता. एक जण डब्यातून म्हणाला, "मेरा है, मेरा." माय म्हणाली, "सांग बुडाले काय खून आहे." तो म्हणाला, "बूड है ना, वही खून है." डबाभर हसला. मायही हसली, पण गडवा पदराखाली घेतला. टेसनावरचे हमाल तिला गडवेवाली म्हणू लागले. लोक तिच्या हातातलं पाणी पीत, पण त्या गडव्यातलं ती कोणाला देत नसे. गाडी गेली की ते निंबाच्या बुडाला ओतायची. आणि मी बाजूला केटली धरून चालत असायचो. त्या बाईचं नाव, गाव माझ्या तोंडात होतं. रोज वाटायचं, आज सांगतो. रोज एक दिवस जास्त झालेला असायचा, म्हणून उद्यावर जायचं. मायचे पाय त्या उन्हाळ्यात असे फुटले की भेगांत मेण भरावं लागलं. मेण वितळवून मीच भरत होतो.

उन्हाळा सरला. गडवा फळीवर गेला. त्यात कोणी पाणी प्यायचं नाही, दर शनिवारी घासायचा, असं माझ्या मायनं ठरवलं. डेपोकडे आवाज झाला की बाकीच्या भांड्यांबरोबर तोही वाजायचा. मला त्याचा आवाज वेगळा कळायचा.

मी चौथीतून शाळा सोडली. पुढे मिलमध्ये लागलो. लगीन झालं. कमल देवळीकडची, सातवी पास, आमच्या घरात वाचता येणारी माझ्यानंतर पहिलीच. लग्नाला महिना झाला नसेल. शनिवार होता, मी पाळीवरून येऊन पडवीत पाय धूत होतो, माय दाळीतले खडे निवडत होती आणि कमल दारात राखेनं भांडी घासत होती. तिनं गडवा उजेडात धरला.

"आत्याबाई, हे सुंदराबाई कोन जी?"

माय म्हणाली, "कोन सुंदराबाई?"

"लिवलं आहे नं याच्यावर. सुंदराबाई, खैरी. खैरीले आपलं कोन आहे?"

मायनं तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. दाळीत बोटं तशीच. "वाच बाई पुन्ना," ती म्हणाली. कमलनं पुन्हा वाचलं, बिचारी हसत हसत, तिला काय माहीत.

"गुलाब, तू तवा कितवीत होता?"

"तिसरीत."

"तुले वाचता येत होतं."

माझ्या पायावरचं पाणी वाळत होतं. मायनं दाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग तिनं विचारलं, आवाज न चढवता विचारलं, "मंग मी उन्हात काऊन उभी होती रे?"

मी त्या दिवशी सगळं सांगितलं. चष्मेवाला, पुडा, नळाची रांग. लगीन झालेला माणूस, मिशा आलेला, आणि सांगताना नाक गळत होतं. कमल राखेचे हात घेऊन तशीच बसून राहिली. शेवटी माय सुपातली दाळ पाखडायला उठली.

आठ दिवसांनी दोघी खैरीला निघाल्या. मी कपडे घालून तयार झालो तर माय म्हणाली, "तू कायले? तुले तं नक्षी दिसते."

आमच्या भागात खैरी नावाची गावं लय आहेत. त्या दोघी एसटीनं तीन खैऱ्या फिरल्या, गडवा पिशवीत घालून. पहिल्या खैरीहून आल्या तेव्हा रस्त्याच्या गोष्टी सांगत होत्या, कोणीतरी चहा पाजला, कोणाचं कुत्रं मागे लागलं. दुसरीहून आल्या तेव्हाही बोलल्या. तिसरीहून आल्या तेव्हा दोघी बोलल्या नाहीत. गडवा पिशवीतच होता. मायनं तो फळीवर ठेवला, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली, ऐन दिवसा. त्यानंतर ती कुठल्या खैरीला गेली नाही, टेसनावरही गेली नाही. मी कमलला विचारलं. ती चुलीत फुंकत होती. म्हणाली, "कोनी नाई भेटलं." फुंकणीतून म्हणाली, त्यामुळे तोंड दिसलं नाही.

मायला मी पुन्हा विचारू शकलो नाही. ती पुढे सहा-सात वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, माझ्या पोरीला न्हाऊ घालायची. पण माझ्या हातचं पाणी प्यायची नाही. मागायची कमलला. कोणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या येत होतं.

मिलचं काम गेल्यावर आम्ही वर्ध्याला आलो, पिपरी मेघेला. मी एका कॉलेजात चौकीदारी केली. कमलनं फाटकाबाहेर माठ ठेवला तो चाळीस उन्हाळे ठेवला. आमच्या पोरीला, मग नातवाला, पेला कसा धरायचा तेही तिनंच शिकवलं. मी शिकवायला गेलो नाही. माझं तोंड नव्हतं. तिसऱ्या खैरीचं मी तिला वर्षातून एखादे वेळी विचारायचो, आणि ती दरवेळी तेच सांगायची. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ते एकच तिनं माझ्यासाठी शिकून घेतलं होतं असं मला वाटतं.

या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती. अकरा दिवस. दहाव्या दिवशी सकाळी तिला जरा हुशारी आली. मी खाट धरून म्हटलं, "कमल, आता तरी खरं सांग. तिसऱ्या खैरीत कोन भेटलं होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सांगतो. पयले पाणी द्या."

बाटली रिकामी होती. मी बाटली घेऊन उठलो. पाण्याची टाकी व्हरांड्याच्या टोकाला, तिथे रांग. या वेळी मी तोंड उघडलं. म्हटलं, "माही बायको मांगून राह्यली, मले भरू द्या." लोकांनी दिलं. एवढं सोपं होतं ते. परत आलो तर शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची नात, सहा-सात वर्षांची असेल, टाचा उंच करून कमलच्या खाटेला लागून उभी होती. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. चमचा ओठाला टेकवून देत होती, वरून नाही.

मी विचारलं, "कोनं शिकवलं वं तुले?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की हा म्हातारा येडा आहे. "आजीनं पाणी मांगतलं नं," ती म्हणाली.

कमल दोन चमचे पिऊन झोपली. मी म्हटलं उठल्यावर विचारू. बाटली हातात घेऊन बसून राहिलो. ती नीट अशी उठलीच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आता खैरीत काय कळलं ते माहीत असणाऱ्या दोघीही नाहीत. शनिवारी मी गडवा घासतो. माझ्या हातानं तो तेवढा उजळत नाही. फळीवर ठेवला की घर गप्प असतं, इथे डेपोचा आवाज येत नाही.

म्हणून जे त्या दिवशी निंबाखाली वाचायला पाहिजे होतं ते इथे लिहून ठेवतो. पितळेचा लहान गडवा आहे, कडा झिजलेली. गळ्याला ठिपक्यांनी लिहिलं आहे: सुंदराबाई, खैरी. नक्षी नाही. ते लेकरू असलं तर आता माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पांढरे केस झाले असतील. बुडाला एक खूण आहे, ती मी लिहीत नाही. ज्याच्या घरचा असेल त्याला ती माहीत असेल. त्यानं पिपरी मेघेला यावं, खूण सांगावी आणि गडवा न्यावा. आणि त्या दिवशी पुढच्या टेसनावर लेकराला पाणी मिळालं का, एवढं मला सांगावं.